बाहुबली २ : सगळे मलाच विचारतात ते प्रश्न, एकदाच लिहून ठेवतोय

२८ एप्रिल २०१७ ला 'बाहुबली २ : द कन्क्लूजन' लागला तेव्हापासून घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत लोक मला या पिक्चरबद्दल विचारतायत, कारण मी तो थेटरात चार वेळा बघितलाय हे सगळ्यांना माहितीय आणि त्यावरून टोमणे पण मारून झालेत. मग म्हटलं एकदाच सगळं टाईप करून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवायची आणि गप बसायचं. स्पॉयलर भरपूर आहेत. इतक्या वर्षांत ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आता मी थांबणार नाही.

पहिला भाग बघितला नाही, डायरेक्ट दुसरा लावला तर कळेल का?

कळेल, पण मजा अर्धी जाईल. पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि तो असा मध्येच तोडलाय की राजघराण्याचा गुलाम कटप्पा सांगतो, बाहुबलीला मीच मारलं, आणि खलास, दिवे लागले. दुसऱ्या भागातला जास्तीत जास्त वेळ फ्लॅशबॅक आहे, म्हणजे बाप अमरेंद्र बाहुबलीची गोष्ट. शेवटच्या तुकड्यात मुलगा येऊन हिशोब चुकता करतो. ज्याने पहिला बघितलाय त्याला साखळीत बांधलेली म्हातारी देवसेना, म्हणजे बाहुबलीची बायको, आठवत असते, आणि दुसऱ्यात तीच बाई तलवार घेऊन झोकात समोर येते तेव्हा पोटात जे होतं ना, ते पहिला न बघता होणार नाही.

मग कटप्पाने मारलं का?

राजमाता शिवगामीने, म्हणजे बाहुबलीला वाढवणाऱ्या आईने, हुकूम दिला म्हणून. तिचा नवरा बिज्जलदेव आणि मुलगा भल्लालदेव या बापलेकांनी देवसेनेच्या नात्यातल्या भावाला, कुमार वर्माला, फूस लावली की भल्लाल बाहुबलीच्या जिवावर उठलाय, तूच त्याला आधी संपव. तो बिचारा घाबरट माणूस, गेला मारायला आणि स्वतःच मेला. मग शिवगामीला असं दाखवलं की हे सगळं बाहुबलीनेच घडवून आणलं. ती कटप्पाला म्हणते तू मारतोस की मी मारू. कटप्पा सिंहासनाचा गुलाम, पिढ्यान्‌पिढ्या शब्दाला बांधलेला, आईच्या हातून लेक मरण्यापेक्षा पाप आपल्या माथी घेतो आणि पाठीत वार करतो.

एवढंच उत्तर आहे. महाभारत ऐकून मोठं झालेल्या आपल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. भीष्म, गांधारी, शकुनी सगळे ओळखीचे. माझ्या आईने तर इंटरव्हलमध्येच सांगितलं होतं, 'त्या बाईनेच सांगितलं असणार बघ'.

म्हणजे लोक एका प्रश्नासाठी गेले आणि उत्तर साधंच निघालं, तरी चिडले का नाहीत?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जवळजवळ पावणेदोन वर्षं देशभर एकच प्रश्न चालू होता, रिक्षांच्या मागे, व्हॉट्सॲपवर, राजकारण्यांच्या भाषणात. आता इतका ताणलेला प्रश्न म्हणजे धोकाच, उत्तर फुसकं निघालं की लोक खुर्च्या फाडतात.

पण दिग्दर्शक राजामौलीने काय केलं, उत्तर पिक्चरच्या शेवटाला ठेवलंच नाही. ते येतं तेव्हा अजून पिक्चर बराच शिल्लक असतो. आणि त्याच्या आधी दोन तास त्याने तुम्हाला त्या घरात राहायला लावलंय, सासू-सूनेचं भांडण, भावाभावातलं जळणं, कटप्पाचा विनोद, देवसेनेच्या कुंतल राज्यात येडं बनून राहणारा राजपुत्र. तोपर्यंत 'का मारलं' हे कोडं उरतच नाही, आता तुम्हाला तो मरायलाच नको असतो. माझ्या शेजारच्या सीटवरचा एक मामा, मिशीवाला, चांगला साठीचा, कटप्पा तलवार काढतो तेव्हा मोठ्याने म्हणाला 'नको रे बाबा'. अहो मामा, दोन वर्षं माहितीय तुम्हाला की तो मारणारे! तरी म्हणाला. तिकीट प्रश्नाने विकलं, पण दुसऱ्यांदा माणूस गेला तो त्या घरासाठी.

नक्की किती कमावले? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

सांगणारच, आपल्याकडे ग्रॉस (तिकिटांची एकूण विक्री), नेट (कर वजा जाता उरलेली) आणि शेअर (वितरकाच्या हातात पडणारी) याची भेळ करायची पद्धत आहे. मोटामोटी जगभरातला ग्रॉस १८०० कोटींच्या आसपास सांगितला जातो, बजेट २५० कोटींच्या घरात. १००० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला भारतीय पिक्चर, आणि ते सुद्धा दहा दिवसांत. अमेरिका-कॅनडात २ कोटी डॉलरच्या वर गेलेला पण पहिला भारतीय हाच.

मला स्वतःला जास्त आश्चर्य हिंदी डबच्या आकड्याचं वाटतं. पहिल्या भागाच्या हिंदी डबने नेट ११८ कोटींच्या आसपास केले होते, तेव्हा तेच खूप वाटलेलं. दुसऱ्याने ५१० कोटी केले. डब केलेल्या पिक्चरने! आणि तो हिंदीतला रेकॉर्ड २०२३ मध्ये 'पठाण' येईपर्यंत म्हणजे जवळपास सहा वर्षं कोणाला हलला नाही. जगभरच्या कमाईत मात्र २०१७ मध्येच 'दंगल' पुढे गेला, कारण चीन. त्यावर खाली लिहिलंय.

बाहुबली झालेल्या प्रभासचा हिंदीतला आवाज त्याचाच आहे का?

नाही हो. तो शरद केळकरचा आहे, दोन्ही भागांत. आपल्याकडे हे अर्ध्या लोकांना माहितीच नव्हतं, नंतर कळलं तेव्हा सगळ्यांची छाती फुगली. हिंदी संवाद मनोज मुंतशिरचे. आणि हा डब नुसता भाषांतर करून ओठांना चिकटवलेला नाहीये, तो बोलायला लिहिलाय, म्हणून तो ऐकताना टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या डबड्या साऊथ पिक्चरची आठवण येत नाही. उत्तरेत करण जोहरच्या कंपनीने तो प्रेझेंट केला त्यामुळे मल्टिप्लेक्सवाला प्रेक्षक पण 'हे आपल्यासाठीच आहे' म्हणून आला. मुंबईतला मोठा प्रीमियर मात्र रद्द झाला, आदल्या दिवशी २७ एप्रिलला विनोद खन्ना गेले.

तुम्ही कुठे बघितला? तेलुगूत की हिंदीत?

दोन्ही. मी सोलापूरचा, आणि सोलापूरच्या पूर्व भागात अर्धं गाव तेलुगू बोलतं. यंत्रमागावर आलेले पद्मशाली लोक, पिढ्या झाल्या इथे, घरात तेलुगू, बाहेर मराठी, दुकानात हिंदी. त्यामुळे इतर महाराष्ट्राला राजामौली २०१५ ला कळला असेल, आमच्या वर्गातल्या पोरांना त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ. पहिल्यांदा माझ्या दोस्ताने मला तेलुगू शोला ओढत नेलं, म्हणाला 'हिंदीत काय बघतो बे, चल'. एक शब्द कळत नव्हता. तो कानात भाषांतर करायचा, मग इंटरव्हलच्या आधी तो पण बंद झाला आणि माझी पण गरज संपली.

तो इंटरव्हलचा सीन म्हणजे भल्लालचा राज्याभिषेक. तो राजा होतो, लोक थंड. मग बाहुबली सेनापती म्हणून शपथ घेतो आणि जनता जो दणका उडवते, जमीन हादरते, वरचं छत्र थरथरतं आणि भल्लालचा चेहरा. पडद्यावरचे लोक ओरडत होते आणि थेटरातले पण, कोणाचा आवाज कुठला तेच कळेना. कोणीतरी नारळ फोडला. आतमध्ये. झाडणाऱ्या मावशी नंतर काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि सुरुवातीचा हत्ती! शिवगामी डोक्यावर अग्नी घेऊन अनवाणी चाललीय, समोर पिसाळलेला हत्ती, आणि हा बाबा अख्खा देवळाचा रथ ओढत दरवाजा फोडून येतो. ज्यांनी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे बघितलेत, त्यांना हे 'अशक्य' वाटत नाही, त्यांना ते थोडं जास्त मोठं केलेलं वाटतं इतकंच. माझ्या मते हा पिक्चर आपल्याकडे चालण्याचं अर्धं कारण इथेच आहे. आपल्याला भव्य हे नवीन नाही, जत्रेत, रथात, पालखीत आपण ते बघतच असतो, फक्त आपल्या पिक्चरवाल्यांनी ते दाखवायचं सोडून दिलं होतं.

ही चांदोबातली गोष्ट वाटते असं माझे वडील म्हणतात. खरं आहे का?

वडिलांना नमस्कार सांगा, अगदी बरोबर पकडलंय. राजामौलीने स्वतः सांगितलंय की लहानपणी अमर चित्र कथा वाचून आणि महाभारत ऐकून त्याच्या डोक्यात हे सगळं बसलं. आणि आपला 'चांदोबा' म्हणजे मुळात १९४७ ला मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं 'चंदामामा', मराठीत तो १९५२ पासून यायला लागला. ते राजवाडे, ते मुकुट, त्या डौलदार बायका, कपटी मंत्री, झाडावरचा वेताळ, मराठी पोरांनी ती चित्रं चाळीस-पन्नास वर्षं बघितलीत. कलादिग्दर्शक साबू सिरिलने उभा केलेला माहिष्मतीचा, म्हणजे बाहुबलीच्या राज्याचा, दरबार बघून आपल्याला परकं वाटत नाही ते त्यामुळेच. कथा राजामौलीचे वडील विजयेंद्र प्रसाद यांची, म्हणजे इथे पण घरातल्या मोठ्या माणसाने गोष्ट सांगायची आणि पोराने ऐकायची हेच चाललंय.

ग्राफिक्स आता बघितले तर जुने वाटतात का?

काही ठिकाणी हो. खोटं कशाला बोलू. हंसाच्या नावेचं गाणं अजून डोळ्यांना गोड लागतं, ती नाव ढगात जाते, शिडं पंखासारखी उघडतात, तिथे खरं दिसायची गरजच नाहीये, ते स्वप्नच आहे. कुंतलवर रात्री हल्ला होतो तो भाग पण भारी, शिंगांना पलिते बांधलेले बैल, आणि गॅलरीत देवसेनेला एकाच वेळी तीन बाण सोडायला शिकवणं. लढाई चालू असताना प्रेम जमतंय, दोघं एकमेकांकडे पाठ करून बाण मारतायत, तो सीन नुसता बघायलाच नाही तर ऐकायला पण छान आहे, कीरवाणीचं संगीत तिथे कमाल करतं.

पण क्लायमॅक्स. ताडाची झाडं वाकवून त्यावर सैनिक बसवून, ढालींचा गोळा करून किल्ल्यात उडवणं, तिथे आमच्या सोलापूरच्या थेटरात पण हशा पिकला होता, आणि हे शिट्ट्या मारणारं पब्लिक होतं, समीक्षक नव्हे. शेवटची मारामारी लांबली पण आहे. अमरेंद्र मेल्यावर पिक्चरचा जीव जातो, पुढे फक्त हिशोब उरतो. माझं मत आहे, भांडायचं असेल तर या.

याला विशेष दृश्य परिणामांचं राष्ट्रीय पारितोषिक पण मिळालं, ॲक्शनचं पण, आणि सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपटाचं पण. म्हणजे ताडाच्या झाडांना सरकारची हरकत नव्हती.

बायकांना का एवढा आवडला? मारामारीचाच तर आहे.

माझ्या बहिणीला विचारा, ती तुम्हाला एक तास देईल. थोडक्यात, देवसेना. अनुष्का शेट्टीची देवसेना भर दरबारात शिवगामीला तोंडावर विचारते की मला न विचारता माझं लग्न ठरवलंच कसं. रम्या कृष्णन समोर आहे, जिच्या नजरेने माणूस विरघळतो, आणि ही मागे हटत नाही. सून सासूशी वाद घालते आणि नवरा सासूसमोर, म्हणजे स्वतःच्या आईसमोर, बायकोच्या बाजूने उभा राहतो. अहो आपल्या सिरियलींना हे शंभर एपिसोडमध्ये जमत नाही!

मग तो बोटांचा प्रसंग. देवळाच्या रांगेत सेनापती बायकांच्या अंगाला हात लावतो, देवसेना त्याची बोटं छाटते. तिला बेड्या घालून दरबारात आणतात, आणि बाहुबली तिथेच सांगतो की बोटं छाटून चुकलीस, मान छाटायला हवी होती, आणि छाटतो. त्या क्षणाला बाल्कनीतून बायकांच्या शिट्ट्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. नावेत चढताना तिच्यासाठी तो स्वतःचे खांदे आणि हात पूल म्हणून देतो तेव्हा पण.

आता उलटी बाजू. बाईच्या बाजूने उभा राहणारा इथे पण शेवटी पुरुषच आहे आणि दरबारात निवाडा त्याच्या तलवारीने होतो. आणि पहिल्या भागात तलवार घेऊन फिरणारी तमन्नाची अवंतिका दुसऱ्या भागात कुठे गेली? जवळजवळ गायबच. पहिल्या भागात तिच्यावर जे प्रेमप्रकरण लादलं त्यावर तेव्हाच बरीच टीका झाली होती, आणि दुसऱ्यात तिला काही कामच उरलं नाही. हा या पिक्चरचा खरा डाग आहे, झाडं उडाली त्यापेक्षा मोठा.

म्हणजे टीका झाली?

झाली की. क्षत्रिय, राजरक्त, गुलाम कटप्पा ज्याला स्वतःची मर्जीच नाही, यावर लोकांनी लिहिलं आणि ते चुकीचं नव्हतं. जनता म्हणजे नुसती जयजयकार करणारी गर्दी, हे पण खरं. मला पिक्चर आवडतो आणि मला हे मुद्दे पटतात, दोन्ही एकाच डोक्यात मावतं.

कर्नाटकात काय राडा झाला होता?

कटप्पाचं काम करणारे सत्यराज कावेरी पाणीवादात साधारण नऊ वर्षांपूर्वी काहीतरी बोलले होते, ते रिलीजच्या तोंडावर बाहेर काढलं गेलं आणि कन्नड संघटना म्हणाल्या पिक्चर लागू देणार नाही. मग आठवडाभर आधी सत्यराजनी व्हिडिओ काढून दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटलं. तमिळनाडूत वेगळंच, पैशाच्या भांडणावरून पहिल्या दिवशी सकाळचे शो रद्द झाले. म्हणजे पाण्यावरून आणि पैशावरून, दोन्ही अगदी खरी भारतीय कारणं.

जपानी लोक बाहुबलीसाठी येडे झाले हे खरं का व्हॉट्सॲप?

खरं! आणि मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच. जपानमध्ये तो २९ डिसेंबर २०१७ ला लागला आणि हळूहळू, एकमेकांना सांगून सांगून, शंभर दिवसांच्या वर चालला. आता जपानी थेटर कसं असतं, तर शांत, लोक श्रेयनामावली संपेपर्यंत हलत नाहीत, कुरकुरे खाताना पण विचार करतात. तर तिथे या पिक्चरसाठी मुद्दाम 'ओरडायची परवानगी असलेले' शो लावले गेले. लोक साड्या नेसून, मुकुट घालून, डफल्या आणि चमकत्या काड्या घेऊन यायचे, कागदाचे तुकडे उधळायचे आणि जयजयकार करायचे. एप्रिल २०१८ मध्ये राजामौली स्वतः टोकियोला अशा एका शोला गेला आणि चक्रावून गेला.

आपल्याला जे फुकट आणि न विचारता जमतं, त्यासाठी त्यांनी वेगळा शो लावला, वेळ ठरवली, नियम केले, आणि शिस्तीत बेशिस्त केली. मला हे इतकं गोड वाटतं. आणि इकडे आपली मल्टिप्लेक्स! चौथ्यांदा मी पुण्यात एका मल्टिप्लेक्समध्ये बघितला (नाव घेत नाही), शिट्टी मारली तर पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून असं बघितलं की जणू त्यांच्या हॉलमध्ये मी चपला घालून आलोय.

मग चीनमध्ये का नाही चालला?

तिथे तो ४ मे २०१८ ला म्हणजे वर्षभर उशिरा आला आणि 'दंगल'च्या जवळपास पण पोचला नाही. मला वाटतं ते असं, राजवाडे, तलवारी, हवेत उडणारे योद्धे याची चिनी प्रेक्षकाला काय नवलाई, त्यांचे स्वतःचे ढीगभर आहेत. 'दंगल'मध्ये बाप पोरींना पहाटे उठवून घाम गाळायला लावतो, ते त्यांच्या घरातलं होतं. जपानी लोकांना भव्यता आवडली असं पण मला वाटत नाही, त्यांना ओरडायला मिळालं ते आवडलं.

माहिष्मती खरंच होती का?

पिक्चरमधली नाही, पण नाव खरं आहे. नर्मदेकाठी माहिष्मती नावाची प्राचीन नगरी होती, कार्तवीर्य सहस्रार्जुनाची राजधानी म्हणून पुराणांत येते. बरेच अभ्यासक ती म्हणजे आजचं महेश्वर मानतात. महेश्वर म्हणजे आपल्या अहिल्याबाई होळकरांचं! आणि कुंतल हे पण खरं नाव, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकच्या भागाला जुन्या काळी कुंतल म्हणायचे. म्हणजे हिशोबाने देवसेना आमच्याच बाजूची, हे मी दोस्ताला सांगितलं तर तो म्हणाला 'तेलुगू पिक्चर आहे मालक, हात लावू नका'.

मराठीत बघता येईल का? आजीला हिंदी पटकन कळत नाही.

२०२१ च्या दिवाळीत शेमारू मराठीबाणा वाहिनीवर पहिला भाग मराठीत आला होता, प्रवीण तरडेंनी ते काम अंगावर घेतलं होतं आणि बाहुबलीला आवाज डॉ. अमोल कोल्हेंचा, गाण्यांना कौशल इनामदार. बाकी आजीचं म्हणाल तर आवाज बंद करून लावा, माझ्या आजीला सगळं कळलं. फक्त शेवटपर्यंत ती रम्या कृष्णनला 'कैकेयी' म्हणत होती.

लहान पोरांना दाखवू का?

मुंडकी उडतात, रक्त आहे. सिंगापूरने तर सोळा वर्षांखालच्यांना बंदी केली होती, आपल्याकडे यूए. माझा सहा वर्षांचा भाचा बघून आला आणि महिनाभर झाडूच्या काडीने तीन-तीन बाण मारत होता, पण ते तो तसंही करतो.

२०२५ मध्ये आलेला एकत्र कापलेला पिक्चर बघू की दोन वेगळे?

३१ ऑक्टोबर २०२५ ला 'बाहुबली : द एपिक' नावाने दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांचा एकच पिक्चर थेटरात आला. गाणी कापली, अवंतिकाचं प्रेमप्रकरण कापलं. गोष्ट घट्ट झाली हे खरं, ज्यांना गोष्टच बघायचीय त्यांनी तो बघा. पण त्यात गंमत अशी होते की 'कटप्पाने का मारलं' हा प्रश्न विचारून माणूस इंटरव्हलला जातो, समोसा खातो, आणि परत येतो. आम्ही पावणेदोन वर्षं थांबलो होतो राव.

तिसरा भाग येणार का?

मला विचारू नका, मी सोलापुरात असतो.